तिसरा गियर सुटतो, न्यूट्रल सापडत नाही: इंजिन खोलण्यापूर्वी काय तपासावे

खानापूर तालुक्यातून आलेला आपला प्रश्न मी दोनदा वाचला. आपली शंभर सीसीची, चार गियरची मोटारसायकल ६५,००० किलोमीटर चालली आहे. जांबोटीहून कणकुंबीकडे चढताना तिसरा गियर मध्येच सुटतो आणि इंजिन नुसतेच ओरडते. शिवाय बेळगावात सिग्नलला थांबल्यावर न्यूट्रल सापडत नाही. इंजिन बंद केले की लगेच सापडते. गॅरेजमध्ये "गियरबॉक्स गेला, पूर्ण इंजिन खोलावे लागेल" असे सांगितले आहे आणि हे काम घरी करता येईल का, असे आपण विचारले आहे.

बेळगावच्या उद्यमबागेच्या परिसरात मी सव्वीस वर्षे दुचाकी दुरुस्त करतो. त्या अनुभवावरून पहिली गोष्ट सांगतो. आपल्या गाडीला एक नव्हे, दोन वेगवेगळे आजार आहेत आणि त्या दोघांना मिळून "गियरबॉक्स गेला" असे एकच नाव दिले गेले आहे. इंजिन चालू असताना न्यूट्रल न सापडणे आणि बंद केल्याबरोबर सापडणे हे जवळजवळ नेहमी क्लचचे लक्षण असते, आणि ते काम आपण घरच्या अंगणात करू शकता. एकच गियर, तोही चढावर जोर दिल्यावर सुटणे, हा आजार गियरच्या पेटीच्या (गियरबॉक्सच्या) आतला असू शकतो. मात्र तो आतलाच आहे हे ठरवण्यापूर्वी बाहेरची तीन-चार कारणे बाद करावी लागतात, आणि ती बाद करायला फारसा खर्च येत नाही.

गाडीचे नाव आपण लिहिलेले नाही, त्यामुळे काही गोष्टी आपल्या गाडीवर अवलंबून राहतील. आजच्या बहुतेक फोर-स्ट्रोक गाड्यांत इंजिन, क्लच आणि गियर एकाच तेलात बुडालेले असतात आणि गियरची पेटी इंजिनच्या दोन अर्ध्या केसिंगच्या मध्ये बसलेली असते. म्हैसूरला बनलेल्या जुन्या येझदीसारख्या टू-स्ट्रोक गाड्यांत गियरचे तेल वेगळे असते, आणि जुन्या ओतीव लोखंडी इंजिनच्या बुलेटमध्ये तर पेटीच स्वतंत्र असल्यामुळे इंजिनला हात न लावता ती उघडता येते. आपली गाडी पहिल्या प्रकारची आहे असे धरून पुढचे लिहितो.

सर्वांत आधी एक चाचणी करा; तिला एक पैसाही लागत नाही. गाडी मेन स्टँडवर घ्या, इंजिन बंद ठेवा, मागचे चाक एका हाताने सावकाश फिरवत राहा आणि दुसऱ्या हाताने गियर लिव्हर दाबत एक ते चार आणि पुन्हा न्यूट्रलपर्यंत या. चाक फिरवणे आवश्यक आहे, कारण आतले भाग एकमेकांसमोर आल्याशिवाय गियर बसत नाही. उभ्या चाकावर दुसरा गियर पडला नाही म्हणून घाबरून आलेली माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. या चाचणीत चारही गियर अलगद पडत असतील आणि इंजिन चालू केल्यावरच अडत असतील, तर दोष क्लच पूर्ण न सुटण्यात आहे. इंजिन बंद असतानाही एखादा गियर अडत असेल किंवा लिव्हर दाबल्यावर जागेवर परत येत नसेल, तर दोष गियर बदलणाऱ्या यंत्रणेत आहे. ही चाचणी न करता इंजिन खोलण्याचा सल्ला कोणी देत असेल, तर तो घाईचा आहे.

आता क्लच पाहू. क्लचची लिव्हर दाबल्यावर प्लेटा एकमेकींपासून पूर्ण सुटल्या नाहीत, तर इंजिनचा जोर थोडाथोडा गियरकडे जातच राहतो. दातांवर ताण राहतो आणि ताणाखालचा गियर न्यूट्रलमध्ये येत नाही. याची खात्री करायची असेल तर इंजिन गरम करून, गाडी मेन स्टँडवर ठेवून, क्लच पूर्ण दाबून पहिला गियर टाका. मागचे चाक थोडे फिरेल, तेवढे चालते. आता मागचा ब्रेक हलकेच दाबा. चाक सहज थांबले तर क्लच ठीक आहे. इंजिन दबले किंवा बंद पडले तर क्लच ओढतो आहे. चाक हाताने अडवू नका.

क्लच ओढण्याचे कारण नव्वद टक्के वेळा प्लेटांत असते असे लोक समजतात. माझा अनुभव तसा नाही. आपल्याकडे खानापूर-जांबोटीच्या बाजूला चार महिने जो पाऊस पडतो आणि जो तांबडा चिखल उडतो, त्याने केबल आणि लिव्हर आधी खराब होतात. लिव्हरच्या टोकाला साधारण १० ते २० मिलिमीटर मोकळी हालचाल असावी. त्याहून जास्त असेल तर प्लेटा पुरत्या सुटत नाहीत. अजिबात नसेल तर क्लच घसरतो आणि प्लेटा जळतात. वरच्या आणि खालच्या ॲडजस्टरने हे जमवून घ्या. नंतर केबल दोन्ही टोकांना तपासा: एक तार जरी तुटून वळली असेल तरी ती आवरणात अडकते. हँडल पूर्ण डावीकडे-उजवीकडे वळवल्यावर लिव्हरचा जडपणा बदलत असेल तर केबलची वाट चुकलेली आहे.

कणकुंबीच्या बाजूचे एक दूधवाले काका काही वर्षांपूर्वी भर पावसाळ्यात माझ्याकडे आले होते. त्यांच्या गाडीचे इंजिन दुसरीकडे खोलून गियरचा नवा संच बसवलेला होता, तरी न्यूट्रल सापडत नव्हते. मी क्लच लिव्हर काढून हातात घेतली. ज्या बोल्टवर ती फिरते त्याचे भोक अंड्यासारखे लंबगोल झाले होते आणि बोल्टच्या मधल्या भागाला बोटाला जाणवेल एवढी खाच पडली होती. त्यामुळे लिव्हर मुठीपर्यंत आली तरी केबल हवी तेवढी ओढलीच जात नव्हती. लिव्हर, बोल्ट आणि केबल बदलली आणि न्यूट्रल पायाच्या टोकाने सापडू लागले. ज्या माणसाने पहाटे चारला दूध घेऊन निघायचे, त्याचे आठ दिवस आणि गियरच्या संचाचे पैसे विनाकारण गेले, याचे मला आजही वाईट वाटते. म्हणून मी लिव्हर हातात घेऊन पाहिल्याशिवाय क्लचचे कव्हर उघडत नाही.

तेलाविषयीही विचारतो: शेवटचे तेल कोणते घातले होते? कारसाठीचे इंधन वाचवणारे तेल स्वस्तात मिळाले म्हणून मोटारसायकलमध्ये घालू नये. त्यातील निसरडेपणा वाढवणाऱ्या द्रव्यांमुळे ओला, म्हणजे तेलात बुडालेला, क्लच घसरू शकतो. डब्यावर "जासो एमए" असे लिहिलेले आणि गाडीच्या पुस्तकात दिलेल्या ग्रेडचेच तेल घ्या. तेल फार जुने आणि पातळ झाले असेल किंवा पातळी कमी असेल तर गियर खडखडत पडतात. मंद वेगावरचे आरपीएम, म्हणजे इंजिनचे मिनिटाला होणारे फेरे, या वर्गातील गाड्यांत सुमारे १,४०० असतात. ते जास्त ठेवले असतील तरीही न्यूट्रल अवघड जाते आणि पहिला गियर जोरात आदळतो. सकाळी पहिला गियर टाकताना होणारा "कटाक" आवाज मात्र दोष समजू नका. रात्रभर चिकटलेल्या प्लेटा सुटतानाचा तो आवाज असतो.

एवढे करूनही क्लच ओढत असेल, तरच उजव्या बाजूचे कव्हर उघडा. तेल आधी काढून घ्या आणि कव्हरचे बोल्ट एका पुठ्ठ्यावर, कव्हरची आकृती काढून, त्या-त्या जागी टोचून ठेवा, कारण त्यांची लांबी सारखी नसते आणि लांब बोल्ट आखूड जागी कसला तर ॲल्युमिनियमचे केसिंग फुटते. आत प्लेटांपेक्षाही आधी क्लच हाउसिंगची, म्हणजे प्लेटा ज्या डब्यात बसतात त्याची, बोटे पाहा. प्लेटांच्या कानांनी त्या बोटांवर पायऱ्यांसारख्या खाचा पाडलेल्या असतील तर प्लेटा त्यांत अडकतात, आणि नव्या प्लेटा टाकूनही उपयोग होत नाही. खाचा हलक्या असतील तर बारीक कानशीने सपाट करता येतात, खोल असतील तर हाउसिंग बदलावे. पोलादी प्लेटा काचेवर ठेवून फीलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्यांनी) वाक पाहा, साधारण ०.२ मिलिमीटरपेक्षा जास्त वाक असलेली प्लेट परत बसवू नका. नव्या प्लेटा बसवण्यापूर्वी त्या इंजिन तेलात भिजवून घ्या. स्प्रिंगचे बोल्ट एकदम नव्हे, समोरासमोरचे थोडेथोडे करून कसा.

आता तिसऱ्या गियरकडे वळतो, कारण खरी काळजी तिथे आहे.

गियर सुटण्याची आतली रीत समजून घेतली तर पुढचे सगळे सोपे होते. आपल्या गाडीत सर्व गियरांचे दात कायम एकमेकांत अडकलेलेच असतात. गियर बदलताना दात अडकत-सुटत नाहीत. एक गियर शाफ्टवर बाजूला सरकतो आणि त्याच्या कडेचे जाड खुंट शेजारच्या गियरच्या खिडक्यांत शिरतात. या खुंटांना आम्ही डॉग म्हणतो. सरकवण्याचे काम फोर्क करतो, फोर्कला गियर ड्रमच्या खाचा चालवतात, आणि ड्रम ठरलेल्या जागी थांबावा म्हणून त्याच्या टोकाला चांदणीसारखा स्टार आणि त्यावर स्प्रिंगने दाबलेला स्टॉपर असतो. नवे असताना डॉगच्या बाजू किंचित आत कललेल्या असतात, म्हणजे जोर आला की ते एकमेकांना आत ओढून घेतात. अर्धवट पडलेल्या गियरवर गाडी ओढली जाऊन त्या कडा गोल झाल्या, की तोच जोर त्यांना बाहेर ढकलू लागतो. म्हणूनच हा आजार सपाट रस्त्यावर लपतो आणि चोर्ला घाटाच्या चढावर, मागे तांदळाचे पोते असताना उघडा पडतो.

तरीही आधी बाहेरून सुरुवात करा. गियर लिव्हर पूर्वी गाडी पडून वाकली आहे का आणि ती फूटरेस्टला, क्रॅश गार्डला किंवा कव्हरला घासते का ते पाहा. तसे असेल तर तिचा फेरा अर्धाच होतो आणि गियर पूर्ण बसत नाही. लिव्हर ज्या दात्यांवर कसलेली असते ते झिजले असतील तर पायाचा निम्मा जोर तिथेच वाया जातो. पावसाळ्यात गमबूट घालून गाडी चालवत असाल, तर टाच किंवा चवडा लिव्हरवर टेकून राहतो का, तेही प्रामाणिकपणे तपासा. टाच-चवड्याच्या लांब लिव्हरवर एवढ्या वजनानेही गियर आपल्या जागेवरून ढळतो. साखळी फार घट्ट असेल तर ती सैल करा; गाडीच्या पुस्तकात दिलेली ढील, बहुतेक २० ते ३० मिलिमीटर, राहू द्या. साखळी कधीकधी जागच्या जागी उडी मारते आणि चालवणाऱ्याला गियर सुटल्यासारखे वाटते, म्हणून पुढच्या आणि मागच्या स्प्रॉकेटचे दात हुकासारखे वाकलेत का तेही बघून घ्या.

यानंतर एकदा मोकळ्या रस्त्यावर, मागे वाहन नसताना, तिसरा गियर कसा सुटतो ते लक्षपूर्वक अनुभवा. सुटल्यावर तो पूर्ण न्यूट्रलसारखा होतो आणि पुन्हा पाय मारल्याशिवाय बसत नाही, की "खट खट" करत स्वतःच परत बसतो? पूर्ण सुटत असेल तर ड्रमच जागेवरून फिरतो आहे, म्हणजे स्टॉपरची स्प्रिंग, त्याचा रोलर किंवा स्टारचा बोल्ट पाहायला हवा. खटखट करत परत बसत असेल तर ड्रम जागेवर आहे पण डॉग गोल झाले आहेत किंवा फोर्क वाकला आहे, असे मी समजतो. ही खूण शंभर टक्के नाही. खूप झिजलेला डॉग ड्रमलाही फिरवू शकतो. चारही गियर केव्हातरी सुटत असतील तर स्टॉपरवर संशय जास्त घ्यावा. एकच सुटत असेल तर त्या गियरच्या डॉगवर. आणि एकाच फोर्कवरचे दोन गियर सुटत असतील तर त्या फोर्कवर. कोणता फोर्क कोणते गियर सांभाळतो हे आपल्या गाडीच्या भागांच्या आकृतीवरून कळते.

स्टॉपर आणि स्टार बहुतेक गाड्यांत क्लचच्या मागे, त्याच उजव्या कव्हरखाली असतात. म्हणजे क्लचसाठी कव्हर उघडलेच असेल तर त्याच बैठकीत हे पाहून घ्या. इंजिन उतरवावे लागत नाही. स्टारचा मधला बोल्ट ढिला असणे, रोलर एका बाजूने घासून सपाट होणे, स्प्रिंग मरगळणे हे तीन दोष मी वारंवार पाहिले आहेत आणि हे भाग महाग नसतात. इथली एक सोय सांगतो: बेळगावात स्पेअर पार्टच्या दुकानात आपण मराठीत बोला की कन्नडमध्ये, भागांची नावे तीच असतात, मात्र नावावर न जाता जुना भाग हातात घेऊनच जा.

तेल काढाल तेव्हा ते जुन्या कापडातून, पांढऱ्या थाळीत गाळा. तेलाच्या बोल्टवर चुंबक असेल तर त्यावर राखाडी, लोण्यासारखा मऊ लेप दिसेल. ६५,००० किलोमीटरच्या गाडीत तो असणारच. बोटांत चोळल्यावर खरखर लागणारे कण, सुईसारखे तुकडे किंवा तांदळाच्या कणीएवढा पोलादाचा तुकडा मिळाला, तर प्रश्न संपला: आत काहीतरी तुटते आहे आणि गाडी आणखी चालवू नये. चमकदार पिवळसर कण बुशचे असतात, पांढरे हलके कण ॲल्युमिनियमचे आणि चुंबकाला चिकटणारे कण गियर, बेअरिंग यांसारख्या पोलादी भागांचे.

इथपर्यंतचे थोडक्यात असे: न्यूट्रलसाठी लिव्हर, केबल, तेल, आरपीएम आणि शेवटी क्लच; तिसऱ्या गियरसाठी पायाखालची लिव्हर, साखळी, मग स्टॉपर; आणि तेलातील कण हे दोन्हींचे साक्षीदार. हे बहुतेक साध्या पाना-सेटवर होते; क्लच काढून मागच्या स्टॉपरपर्यंत जायचे असेल तरच क्लचच्या नटाचा खास पाना लागतो.

याउपरही तिसरा सुटत राहिला तर केसिंगचे दोन अर्धे अलग करावे लागतील, आणि इथे मी आपल्याला थोडे थांबवतो. तिसऱ्या गियरचा एक भाग बदलण्यासाठी इंजिन फ्रेममधून उतरवून हेड, ब्लॉक, पिस्टन, मॅग्नेट, क्लच असे सगळे काढावे लागते. मॅग्नेट ओढून काढण्यासाठी पुलर हवा, क्लचच्या नटासाठी खाचांचा खास पाना हवा, घट्ट बसलेल्या स्क्रूंसाठी इम्पॅक्ट ड्रायव्हर हवा. हे नसताना छिन्नी-हातोडीने काम केले तर जेवढे वाचते त्याहून जास्त खराब होते. आपल्याजवळ साधने, दोन मोकळे दिवस, कोरडी जागा आणि गाडीचे सर्व्हिस मॅन्युअल असेल तर जरूर करा. यांपैकी एखादे नसेल तर मधला मार्ग चांगला: इंजिन स्वतः उतरवा, वरचे भाग स्वतः काढा, आणि खालचा भाग पोत्यात बांधून अनुभवी मेकॅनिककडे न्या. उतरवण्याची मजुरी वाचते आणि खोललेले भाग आपल्यासमोर तपासले जातात.

केसिंग उघडल्यावर तिसरा गियर आणि त्याचा जोडीदार कापडाने कोरडा करून खिडकीच्या उजेडात धरा. डॉगच्या कडेवरून अंगठ्याचे नख फिरवा. चांगल्या कडेवर नख अडते आणि बारीक खरवडले जाते. झिजलेल्या कडेवरून ते साबणाच्या वडीवरून घसरावे तसे घसरते, आणि तिथे आरशासारखा चकाकणारा पट्टा दिसतो. असा पट्टा एका गियरवर दिसला तरी दोन्ही जोडीदार बदला, कारण जुना डॉग नव्या डॉगला काही महिन्यांत तसाच करतो. फोर्कच्या टोकांवर निळसर जळकट डाग किंवा एका बाजूला जास्त झीज असेल तर फोर्कही बदला. त्याची दांडी काचेवर घरंगळवून वाक पाहा. डॉगवर वेल्डिंग करून घासून देतो असे सांगणारे भेटतील. उद्यमबागेत उत्तम लेथ आहेत आणि तुटलेल्या आट्यांना नवा इन्सर्ट बसवण्यासाठी मी स्वतः तिथे जातो, पण गियरला वेल्डिंग करून घेऊ नका. गियरच्या पृष्ठभागाला दिलेला कडकपणा वेल्डिंगच्या उष्णतेने जातो आणि तो तुकडा पुढे तुटला तर चाक जाम होऊ शकते.

शाफ्टवरून गियर काढताना प्रत्येक गियर आणि वॉशर त्याच क्रमाने, त्याच बाजूने एका तारेत ओवून ठेवा आणि मोबाइलवर फोटो घ्या. काढलेले सर्क्लिप (शाफ्टच्या खाचेत बसणारी, गियर अडवणारी कडी) परत वापरू नका; नवे बसवताना त्याची धारदार कड ज्या दिशेला जोर येतो तिच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे गियरपासून दूर ठेवा. केसिंगच्या दोन तोंडांमध्ये स्क्रू ड्रायव्हर खुपसून ती अलग करू नका. रबरी हातोडीने चोहोबाजूंनी हलके ठोके द्या. एवढे खोललेच आहे तर ऑइल सील, पॅकिंग आणि आवाज करणारी बेअरिंगही बदलून घ्या.

केसिंग परत जोडल्यावर, ब्लॉक आणि हेड चढवण्याआधी, स्टॉपर बसवून आणि शाफ्ट हाताने फिरवत चारही गियर टाकून पाहा. न्यूट्रलमध्ये दोन्ही शाफ्ट एकमेकांपासून मोकळे फिरले पाहिजेत आणि प्रत्येक गियरमध्ये एक फिरवला की दुसरा फिरला पाहिजे. इथे काही अडले तर पुन्हा उघडायला अर्धा तास लागतो. हेड चढवल्यावर तेच काम पूर्ण दिवसाचे होते.

दुरुस्ती होईपर्यंत गाडी वापरावीच लागत असेल तर चढावर तिसरा टाळा: दुसऱ्यातच सावकाश चढा आणि सपाटीवर आल्यावर तिसरा पूर्ण दाबून, पाऊल क्षणभर लिव्हरवर ठेवून मगच क्लच सोडा. घाटात मागे ट्रक असताना गियर सुटणे धोक्याचे आहे, म्हणून तोवर कणकुंबीकडची फेरी बसने केलेली बरी. इंजिन बंद ठेवून केलेल्या चाचणीत काय आढळले, तिसरा खटखट करतो की पूर्ण सुटतो आणि गाळलेल्या तेलात कोणते कण मिळाले, या तीन गोष्टी मला कळवा. गाडीचे मॉडेल आणि वर्षही लिहा, म्हणजे कोणता फोर्क आणि कोणते दोन गियर मागवायचे ते मी नेमके सांगू शकेन.